ऑनलाइन क्रीडा-पैजांतील बोनसचे नियम आणि न्याय्यतेचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि त्याच्या आश्रयाने वाढलेल्या शिक्षणसंस्थांमुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. दरवर्षी जानेवारीत विवेकानंद जयंतीच्या सोहळ्यास येथे लाखो माणसे एकत्र बसून पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद घेतात. या गावापासून मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे घोड-शर्यतींचे मैदान शेकडो किलोमीटर दूर आहे. कायद्याच्या चौकटीत पैज लावण्याचे म्हणून जे स्थळ महाराष्ट्रात आजवर होते, ते या प्रदेशातील तरुणाच्या नित्य जीवनात येण्याचा संभव जवळजवळ नव्हता. मोबाइल फोनाने हे अंतर नाहीसे केले. क्रिकेटचा सामना जगात कोठेही चालू असो, त्यावर पैज घेणारी परदेशस्थ पेढी आज अशा गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातात येऊन पोहोचते. आणि ती प्रथम त्याच्याकडे पैसे मागत नाही, तर पैसे देऊ करते. ‘एक हजार रुपये भरा, आणखी एक हजार आमच्याकडून घ्या’ अशा स्वरूपाच्या या देणगीस व्यवहारात ‘बोनस’ असे म्हणतात.

महाप्रसादाच्या पंगतीत वाढलेल्या पानाला अट नसते. बोनसला असते, किंबहुना अट हाच बोनसचा गाभा असून रक्कम हे तिचे बाह्य आवरण होय. म्हणून बोनस न्याय्य आहे किंवा नाही हा प्रश्न वस्तुतः त्या अटींच्या न्याय्यतेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या अटींची रचना, त्यांमागील गणित, महाराष्ट्रातील कायद्याची त्यांविषयीची भूमिका आणि इतर देशांनी योजिलेले उपाय यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. पैज लावणे नीतीच्या दृष्टीने इष्ट की अनिष्ट, हा स्वतंत्र प्रश्न येथे मुद्दाम बाजूस ठेवला आहे. जो व्यवहार अनिष्ट आहे त्यातही एक पक्ष दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, एवढे मान्य केले तरी पुढील विवेचनास ते पुरेसे आहे.

२. ‘न्याय्य’ या शब्दाचे दोन अर्थ

संभाव्यताशास्त्रात ‘न्याय्य खेळ’ ही संज्ञा निश्चित अर्थाने वापरतात. ज्या खेळात दोन्ही पक्षांच्या लाभाचे अपेक्षित मूल्य शून्य असते तो न्याय्य. या कसोटीस कोणतीही पैज-पेढी उतरत नाही, आणि उतरावी अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. कारण पेढीला आपला खर्च व नफा पैजांतूनच काढावयाचा असतो. भारतीय परंपरेलाही हे अपरिचित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील द्यूताध्यक्ष एका नियत स्थळी द्यूत चालवितो, फासे स्वतः पुरवितो, जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा ५ भाग घेतो आणि खोटे फासे वापरणाऱ्यास दंड करतो. याज्ञवल्क्य स्मृतीतही सभिकाचा हिस्सा सांगितलेला असून जिंकणाऱ्यास त्याचे धन मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच्याकडे दिले आहे. म्हणजे हिस्सा घेणे यास प्राचीन शास्त्रकारांनी अन्याय म्हटले नाही. फासा बदलणे आणि जिंकलेले न देणे यांस म्हटले.

येथेच न्याय्यतेचा दुसरा अर्थ सुरू होतो. व्यवहाराच्या अटी दोघांनाही आधी माहीत आहेत काय, त्या मध्येच बदलता येतात काय, आणि वाद उत्पन्न झाल्यास तो सोडविणारा त्रयस्थ कोणी आहे काय, हे तीन प्रश्न त्यात अंतर्भूत होतात. सभापर्वातील द्यूतात पण दुर्योधनाने लावावयाचा आणि फासे शकुनीने टाकावयाचे असे ठरले, तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी खेळणे विषम आहे असा आक्षेप युधिष्ठिराने घेतला होता. तो आक्षेप हरण्याच्या संभाव्यतेवर नव्हता, नियमावर होता. आणि आक्षेप घेऊनही तो खेळावयास बसला, ही त्या कथेतील शोकान्तिका होय. बोनसच्या नियमांची परीक्षा करताना हे दोन्ही अर्थ वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. एखादा नियम खेळाडूला तोट्याचा असूनही प्रामाणिक असू शकतो. उलट एखादा नियम कागदावर उदार दिसूनही अन्याय्य असू शकतो.

३. नियमांची रचना

बोनसच्या अटी पेढीगणिक निरनिराळ्या असल्या, तरी त्यांचे घटक मोजकेच आहेत. पहिला व प्रमुख घटक उलाढालीची अट. बोनस खात्यावर जमा झाला तरी तो लगेच काढता येत नाही. ठरावीक पटीत पैजा लावून झाल्यावरच तो काढण्यास मोकळा होतो. ही पट केवळ बोनसवर मोजावयाची की ठेव व बोनस यांच्या बेरजेवर, यावर सर्व काही अवलंबून असते. आणि जाहिरातीत बहुधा पट ठळक व तिचा आधार बारीक अक्षरांत असतो. दुसरा घटक किमान भावाचा: ठरावीक भावाहून कमी भावाच्या पैजा उलाढालीत धरल्या जात नाहीत. तिसरा घटक पैजेच्या कमाल रकमेचा, चौथा मुदतीचा. पाचवा घटक पैजांच्या प्रकाराविषयीचा: काही ठिकाणी तीन किंवा अधिक सामन्यांची जोड-पैजच मान्य होते, रद्द झालेल्या, मध्येच सोडवून घेतलेल्या, किंवा दोन्ही बाजूंवर लावलेल्या पैजा वगळल्या जातात. सहावा घटक क्रमाचा: आधी खेळाडूचे स्वतःचे पैसे खर्ची पडावयाचे की बोनसचे. सातवा आणि सर्वांत संदिग्ध घटक म्हणजे पेढीचा स्वेच्छाधिकार: ‘अनियमित खेळ’ किंवा ‘बोनसचा गैरवापर’ आढळल्यास बोनस आणि त्यावरील जिंकलेली रक्कम जप्त करण्याचा हक्क पेढी राखून ठेवते, परंतु अनियमित म्हणजे काय हे बहुधा सांगत नाही.

या सातांपैकी पहिले सहा घटक अंकांत मांडता येतात. सातवा मांडता येत नाही, हे पुढे महत्त्वाचे ठरेल.

४. अटींचे गणित

दोन तुल्यबळ संघांचा सामना घ्या. प्रत्येकाची जिंकण्याची संभाव्यता निम्मी असताना पेढी दोहोंवरही १.९० असा भाव देते. म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह १९० रुपये परत मिळतात. दर १०० रुपयांच्या पैजेमागे अपेक्षित परतावा ९५ रुपये. पेढीचा हिस्सा शेकडा ५. कौटिल्याच्या द्यूताध्यक्षाचाही दर योगायोगाने तोच होता, मात्र तो जिंकलेल्या रकमेवर होता, लावलेल्या प्रत्येक रकमेवर नव्हे.

आता खेळाडूची ठेव ठ, बोनस ब, पेढीचा हिस्सा म आणि ठेव व बोनस यांच्या बेरजेवरील उलाढालीची पट क असे मानले, तर पूर्ण उलाढाल केल्यास बोनसचे निव्वळ अपेक्षित मूल्य पुढीलप्रमाणे येते:

बोनसचे मूल्य = ब − म × क × (ठ + ब)

ठेव १,००० रुपये, बोनस १,००० रुपये, हिस्सा ०.०५ आणि पट १० असताना उलाढाल २०,००० रुपयांची होते. तीवरील अपेक्षित तोटा १,००० रुपये, म्हणजे बरोबर बोनसइतका. देणगी शून्यावर आली. तीच पट केवळ बोनसवर मोजली असती, तर उलाढाल १०,००० रुपये, तोटा ५०० रुपये आणि बोनसचे मूल्य ५०० रुपये राहिले असते. ‘दसपट’ हा शब्द दोन्ही जाहिरातींत एकच असतो. एकात अर्धी देणगी उरते, दुसरीत काहीच नाही.

जोड-पैजेची अट याहून परिणामकारक आहे. तीन सामन्यांची जोड-पैज लावल्यास पेढीचा हिस्सा तीन वेळा कापला जातो: ०.९५ चा घन ०.८५७ येतो, म्हणजे हिस्सा शेकडा ५ वरून शेकडा १४ च्या वर जातो. या हिश्श्याने २०,००० रुपयांच्या उलाढालीवरील तोटा सुमारे २,८५० रुपये, म्हणजे ठेव व बोनस मिळून असलेल्या २,००० रुपयांपेक्षाही अधिक होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की बहुसंख्य खेळाडूंचे खाते अट पुरी होण्यापूर्वीच रिकामे होईल.

ज्यास ‘मोफत पैज’ म्हणतात, त्या बोनसमध्ये पैजेची मूळ रक्कम परत मिळत नाही, केवळ तीवरील नफा मिळतो. १,००० रुपयांची अशी पैज १.९० भावाने लावल्यास तिचे मूल्य ९०० च्या निम्मे, म्हणजे ४५० रुपये. पेढीचा हिस्सा शेकडा ५ च ठेवून भाव ५.०० घेतला, तर जिंकण्याची संभाव्यता ०.१९ आणि मूल्य ७६० रुपये, भाव १.५० घेतला, तर मूल्य सुमारे ३१७ रुपये. म्हणजे ‘मोफत हजार रुपये’ ही वस्तू कोणत्या भावावर वापरता येते यावर तिची किंमत दुपटीहून अधिक बदलते. कमाल भावाची मर्यादा घालणारे एक वाक्य जाहिरातीतील आकडा न बदलता देणगी निम्म्यावर आणू शकते.

५. सरासरीमागे काय दडते

वरील सूत्र पूर्ण उलाढाल होईल असे गृहीत धरते. प्रत्यक्षात खाते मध्येच संपते, आणि मग पुढील पैजाच लागत नाहीत. म्हणून खरा सरासरी तोटा सूत्राने दाखविल्यापेक्षा काहीसा कमी असतो. परंतु हे समाधान फसवे आहे.

वरच्याच उदाहरणात खेळाडूने प्रत्येकी २०० रुपयांच्या शंभर पैजा लावावयाच्या आहेत असे समजा. प्रत्येक पैजेत १८० रुपये नफा किंवा २०० रुपये तोटा. शंभर पैजांचा अपेक्षित तोटा १,००० रुपये आणि प्रमाण विचलन सुमारे १,९०० रुपये. ढोबळ आकडेमोड केली असता दिसते की जवळजवळ निम्मे खेळाडू अट पुरी करण्यापूर्वीच खाते रिकामे करून बसतात. उरलेल्यांच्या हाती सरासरीने दोन हजारांहून अधिक रक्कम येते. सर्वांची मिळून सरासरी काढली तर बोनसचे मूल्य २०० ते २५० रुपयांच्या आसपास भरते. म्हणजे ज्याच्याजवळ निश्चित एक हजार रुपये होते, त्यास सरासरीने सव्वा हजाराच्या घरातील, परंतु निम्म्या वेळा शून्य होणारी वस्तू मिळाली.

पैजेच्या कमाल रकमेवर मर्यादा नसेल, तर काय होते? खेळाडूने दर वेळी सर्व रक्कम एकाच पैजेवर लावीत उलाढाल पुरी करण्याचा मार्ग धरला, तर पहिली पैज २,००० ची, जिंकल्यास दुसरी ३,८०० ची, तिसरी ७,२२० ची आणि चौथी उरलेल्या ६,९८० ची. आठांपैकी सात खेळाडू पहिल्या तीन पैजांतच बुडतात. परंतु सरासरी उलाढाल केवळ ६,५७८ रुपयांच्या सुमारास, सरासरी तोटा ३२९ आणि बोनसचे सरासरी मूल्य ६७१ रुपये येते. यावरून कमाल रकमेच्या नियमाचे खरे प्रयोजन ध्यानात येते. वरकरणी तो नियम खेळाडूला सावधपणे खेळावयास लावणारा दिसतो. वस्तुतः तो त्यास अनेक लहान पैजा लावावयास भाग पाडतो, आणि पैजांची संख्या जितकी अधिक तितका पेढीचा हिस्सा अधिक वेळा कापला जातो. मुदतीचा नियम याला पूरक आहे. शंभर पैजा तीस दिवसांत लावावयाच्या तर दिवसास तीन-चार, सात दिवसांत लावावयाच्या तर दिवसास चौदाहून अधिक. क्रिकेटची आवड म्हणून अधूनमधून पैज लावणाऱ्यास ही अट दिवसभर पैजा लावणारा बनविते. बोनसची किंमत पेढी पैशाने चुकविते, खेळाडू सवयीने.

या सर्व विवेचनात एक गोष्ट अशी आहे की जिचा सरासरीशी संबंध नाही. बोनस स्वीकारताच खेळाडूची स्वतःची ठेवही अटीत अडकते की मोकळी राहते? ठेव मोकळी असेल, तर मन बदलल्यास तो बोनस सोडून देऊन आपले एक हजार रुपये परत घेऊ शकतो. त्याने पत्करलेला धोका त्याच्या इच्छेत राहतो. ठेव अडकली, तर देणगीने घेणाऱ्याचेच धन बांधून ठेवले. बोनसच्या नियमांतील न्याय व अन्याय यांची सीमारेषा काढावयाची झाल्यास ती प्रथम येथे काढावी लागेल.

६. बोनस म्हणजे पैसा काय? महाराष्ट्रातील एक दाखला

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भारताच्या करकायद्याला त्याचे उत्तर द्यावे लागले आहे. ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर १ एप्रिल २०२३ पासून शेकडा ३० दराने करकपात लागू झाली. तेव्हा खात्यावर जमा झालेला बोनस खेळाडूची ठेव मानावयाचा की नाही, अशी अडचण उद्भवली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२३ मधील परिपत्रकात असा भेद केला की जो बोनस केवळ खेळण्यापुरता आहे व काढता येत नाही, तो निव्वळ जिंकीच्या हिशेबात धरू नये; मात्र त्याचे रूप पालटून तो काढण्याजोगा झाला, की त्या क्षणी तो करपात्र ठेव समजावा. करखात्याच्या दृष्टीने, म्हणजे, अटीत बांधलेला बोनस अद्याप पैसा झालेला नसतो.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खेळाडूच्या ठेवीच्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ दराने वस्तू व सेवा कर आला. १०० रुपये भरणाऱ्याच्या रकमेतून २१ रुपये ८८ पैसे करापोटी जाऊन ७८ रुपये १२ पैसे उरू लागले. ही तूट खेळाडूच्या नजरेस येऊ नये म्हणून पैशाने खेळविल्या जाणाऱ्या काल्पनिक क्रिकेट-संघांच्या व्यवसायातील कंपन्यांनी जवळजवळ तेवढ्याच रकमेचा बोनस देण्यास आरंभ केला. खात्यावर १०० हाच आकडा दिसत राहिला. परंतु त्यातील सुमारे ७८ रुपये काढता येण्याजोगे आणि सुमारे २२ रुपये केवळ खेळता येण्याजोगे होते. एकाच रकान्यात दोन जातींचे रुपये मांडणे हे बोनसच्या नियमांचे मूळ वैशिष्ट्य या उदाहरणात स्वच्छ दिसते. खेळच थांबला, तर दुसऱ्या जातीच्या रुपयाला काहीही किंमत उरत नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अशा स्पर्धा देशात खरोखरच बंद झाल्या.

७. मुंबईच्या कायद्याची परंपरा

पैजेच्या नियमांकडे पाहण्याची महाराष्ट्रातील कायद्याची दृष्टी दीड शतकाहून जुनी आहे. जुन्या मुंबई प्रांताने १८६५ साली केलेल्या कायद्याने पैजेचा करारच नव्हे, तर पैजेला आनुषंगिक असे करारही रद्दबातल ठरविले. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ३० ने पैजेचा करार शून्यवत मानला आणि जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करण्याची वाट बंद केली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराच्या अड्ड्यास शासनाच्या कक्षेत आणले व केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळले. या कायद्याच्या कल्पनेत जुगाराला घर असते, भिंती असतात, छापा घालता येईल असा दरवाजा असतो. कापसाच्या न्यूयॉर्कमधील भावांवर मुंबईत जो आकड्यांचा सट्टा चाले आणि पुढे ज्याचे मटक्यात रूपांतर झाले, त्यास निदान आकडा घेणारा माणूस गल्लीत भेटत असे. फोनवरील पेढीला हे काहीच नाही.

बक्षिसाच्या अटींची न्यायालयीन तपासणी मात्र मुंबईच्याच एका खटल्यात झाली. बंगलोरहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालविल्या जात आणि मुंबई राज्यातील हजारो लोक प्रवेशशुल्क भरून त्यांत भाग घेत. मुंबई राज्याने १९४८ च्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धा कायद्यान्वये त्यांवर नियंत्रण व कर बसविला. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५७ मध्ये राज्याच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या निकालपत्रातील दोन मुद्दे येथे प्रस्तुत आहेत. एक, स्पर्धेचे बाह्य स्वरूप कौशल्याचे असले, तरी तिच्या अटी पाहिल्या पाहिजेत. उत्तर आधीच ठरलेले असून स्पर्धकाने ते केवळ ताडावयाचे असेल, तर ते कौशल्य नव्हे. दोन, जुगार हा राज्यघटनेने संरक्षिलेल्या व्यापारात मोडत नाही. पहिल्या मुद्द्याने अटींचे वाचन हा न्यायाचा मार्ग ठरला. दुसऱ्याने त्या अटींना न्याय्य बनविण्याचे कारणच दूर केले. जे व्यापार नाही, त्याच्या व्यापारी नीतीचा विचार कोणी करावयाचा?

१९५९ च्या घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पैजेचा करार शून्यवत असला तरी तो बेकायदेशीर वा अनैतिक हेतूचा ठरत नाही असे सांगून भेदाची आणखी एक रेषा आखली. पुढे १९९६ साली लक्ष्मणन् खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवरील पैज कौशल्याची मानली गेली, आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काल्पनिक क्रिकेट-संघाचा खेळ कौशल्याचा असल्याचे मान्य केले. या सर्व निर्णयांत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? खेळविणाऱ्याचे नियम खेळणाऱ्याशी न्यायाने वागतात काय, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो अधिनियम संमत केला व ज्यास २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने कौशल्य व नशीब हा भेदच पुसला. पैसे लावून पैसे मिळविण्याच्या अपेक्षेने खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ देऊ करणे निषिद्ध ठरले. देऊ करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार मानलेले नाही. या अधिनियमाच्या घटनात्मकतेस न्यायालयांत आव्हान देण्यात आले.

८. इतर देशांतील उपाय

ज्या देशांनी पैजेला परवान्याच्या कक्षेत ठेवले, त्यांना नियमांच्या न्याय्यतेचा विचार टाळता आला नाही. ब्रिटनमध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या चौकशीनंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये काही प्रमुख पेढ्यांनी हमी दिली की खेळाडूला स्वतःचे पैसे काढण्यासाठी पुनःपुन्हा पैजा लावाव्या लागणार नाहीत आणि संदिग्ध कलमांच्या आधारे त्याची रक्कम जप्त केली जाणार नाही. ठेव मोकळी ठेवण्याचे तत्त्व असे मान्य झाले. पुढे तेथील जुगार आयोगाने जानेवारी २०२६ पासून उलाढालीची पट जास्तीत जास्त १० अशी ठरविली व निरनिराळ्या प्रकारचे जुगार एका बोनसमध्ये गोवण्यास मनाई केली.

पटीला अशी मर्यादा घालणे हा उपाय सोपा असला तरी अपुरा आहे, हे चौथ्या विभागातील सूत्रावरून सहज दिसते. पेढीचा हिस्सा शेकडा ५ असताना बेरजेवरील दसपट बोनसला शून्यावर आणते. केवळ बोनसवरील दसपट अर्धा बोनस शिल्लक ठेवते. आणि तीन सामन्यांच्या जोड-पैजेवर बेरजेची साडेतीनपट झाली तरी बोनसचे मूल्य संपते. पट एकटी काही सांगत नाही. पट, आधार व हिस्सा ही तीन पदे एकत्र सांगितली पाहिजेत. ऑस्ट्रेलियाने २०१९ साली अधिक मूलगामी मार्ग धरला: खाते उघडण्यासाठी आमिष देण्यास बंदी आणि बोनस-पैजेवर जिंकलेली रक्कम उलाढालीच्या अटीवाचून काढता येण्याची सक्ती. अटच काढून टाकल्यावर तिच्या गणिताचा प्रश्न उरत नाही.

सातव्या घटकाची, म्हणजे पेढीच्या स्वेच्छाधिकाराची, कसोटी इंग्लंडच्या उच्च न्यायालयात २०२१ साली लागली. एका खेळाडूने जिंकलेले सुमारे १७ लाख पौंड पेढीने आपल्या यंत्रणेतील दोषाचे कारण सांगून नाकारले होते. पेढीची कलमे अस्पष्ट होती व खेळाडूच्या नजरेस योग्य रीतीने आणलेली नव्हती, या कारणास्तव न्यायालयाने रक्कम देण्याचा निर्णय दिला. हे शक्य झाले, याचे कारण तेथे पैजेच्या करारावर दावा चालतो.

९. समारोप

भारतीय ग्राहककायद्यात अन्याय्य अटींची कल्पना नाही असे मुळीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा आणली आणि अशा कराराची कलमे रद्द करण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांस दिला. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकास फसविणाऱ्या पडद्यावरील मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध केले. त्यांत खोटी घाई निर्माण करणे व आमिष दाखवून वस्तू बदलणे यांचा समावेश आहे. बोनसच्या जाहिरातींस हे वर्णन तंतोतंत लागू पडते. परंतु पैजेचा करारच शून्यवत आणि तो देऊ करणे हाच गुन्हा, अशा स्थितीत त्या करारातील एखादे कलम अन्याय्य आहे असे म्हणत आयोगाकडे जाणाऱ्याची परिस्थिती अवघड होते.

यातून निर्माण होणारी विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. करार शून्यवत असेल, तर बोनसची अटही शून्यवत. पेढीलाही ती न्यायालयातून बजावून घेता येणार नाही. पण पेढीला न्यायालयाची गरजच नसते, कारण पैसे तिच्या ताब्यात असतात. शून्यवत करारात जो धन धरून बसला आहे त्याचेच नियम चालतात. कायद्याने दोन्ही पक्षांना सारखेच दाराबाहेर ठेवले तरी परिणाम सारखा होत नाही. परदेशस्थ पेढीला तो दरवाजा बंद असण्यात सोय आहे. ज्याचे शुल्काचे किंवा घरखर्चाचे एक हजार रुपये अडकले, त्या मेहकर तालुक्यातील विद्यार्थ्याला नाही. २०२३ साली नागपूर येथे एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली, तेव्हा तपास फौजदारी मार्गाने झाला. एवढ्या मोठ्या रकमेसाठी तो मार्ग उपलब्ध होऊ शकतो. एक हजारासाठी कोणी पोलिस ठाण्यात जात नाही, आणि गेल्यास आपणच दोषी ठरू या भीतीने बहुधा गप्प राहतो.

बंदी असावी की परवाना, या वादात न शिरताही एक मर्यादित सूचना तर्कतः करता येते. खेळाडूने भरलेली परंतु अद्याप कोणत्याही पैजेस न लागलेली रक्कम ही पैज नव्हे. ती ठेव आहे. पैजेच्या कराराचे शून्यत्व त्या ठेवीस चिकटण्याचे कारण नाही, आणि बोनसच्या अटीने ती बांधून ठेवणाऱ्यास ती परत करावयास लावणे हे जुगाराला मान्यता देणे ठरत नाही. करकायद्याने २०२३ मध्ये काढता येणारा रुपया व खेळता येणारा रुपया असा भेद केलाच आहे. तोच भेद ठेवीच्या संरक्षणासाठी का करता येऊ नये, हा कायदा, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी मिळून विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने तर त्याची उपयुक्तता याहून निकटची आहे. चौथ्या विभागातील सूत्रास गुणाकार व वजाबाकी यांपलीकडे काही लागत नाही. जाहिरातीतील आकड्यावर ते चालवून पाहण्याची सवय एखाद्या वर्गास लागली, तर कायद्याचा निर्णय होईपर्यंतही त्या वर्गातील काहींचे पैसे वाचतील.